पदवीवरच्या नावाची किंमत किती?

दोन विद्यार्थी एकाच प्रवेश परीक्षेला बसतात. एकाला कटऑफपेक्षा अर्धा गुण जास्त मिळतो, दुसऱ्याला अर्धा गुण कमी. पहिला देशातल्या सर्वांत नामांकित संस्थेत जातो, दुसरा तिच्या खालोखालच्या संस्थेत. त्या गुणामागे हुशारीतला किंवा मेहनतीतला फरक असेलच असे नाही. एखादा प्रश्न आदल्या रात्री डोळ्यांखालून गेला होता, एवढेच कारण असू शकते. वीस वर्षांनी या दोघांचे पगार आणि हुद्दे ताडून पाहिले तर काय दिसेल?

मुलांच्या निकालाच्या दिवशी घरोघरी हाच प्रश्न मनात असतो. गेल्या पाव शतकात अर्थशास्त्रज्ञांनी तो प्रत्यक्ष तपासला आहे. अमेरिका, चिली, कोलंबिया, नॉर्वे आणि भारत अशा वेगवेगळ्या देशांत हजारो विद्यार्थ्यांचे प्रवेशाचे गुण आणि पुढची कमाई एकमेकांशी जोडून पाहिली गेली. त्यातून निघालेली उत्तरे थक्क करणारी आहेत आणि प्रवेशाच्या धामधुमीत असलेल्या प्रत्येक कुटुंबाला ती ठाऊक असायला हवीत.

साधा हिशेब का फसतो

नामांकित संस्थेच्या पदवीधरांचा सरासरी पगार इतरांपेक्षा जास्त असतो, हे कोणीही सांगेल. पण हा जास्तीचा पगार त्या संस्थेमुळे मिळाला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. अशा संस्था मुळातच हुशार, चिकाटीच्या आणि बहुधा बऱ्या परिस्थितीतल्या मुलांना निवडून घेतात. ही मुले दुसरीकडे शिकली असती तरी पुढे गेली असती का, हे कळल्याशिवाय संस्थेचा वाटा वेगळा काढता येत नाही. एकाच माणसाला दोन महाविद्यालयांत एकाच वेळी शिकवून पाहता येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पदवीचा उपयोग नेमका कसा होतो, याबद्दलही दोन प्रमुख मते आहेत. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये 'ह्यूमन कॅपिटल' हा ग्रंथ लिहिला. शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक आहे, त्यातून कौशल्य वाढते आणि वाढलेल्या कौशल्याला बाजार जास्त दाम देतो, अशी त्यांची मांडणी होती. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स या तरुण संशोधकाने निराळीच बाजू पुढे आणली. नोकरी देणाऱ्याला समोरचा उमेदवार आतून कसा आहे ते दिसत नाही. अशा वेळी पदवी हा एक संकेत ठरतो. सोन्यावरचा हॉलमार्क सोन्याचा कस वाढवत नाही, तो कस गिऱ्हाइकाला कळवतो. पदवीचेही तसेच असू शकते, असे स्पेन्स यांचे म्हणणे. त्यांची अट एकच होती. तो संकेत मिळवणे कमी कुवतीच्या माणसाला जास्त जड गेले पाहिजे, नाहीतर तो सगळेच मिळवतील आणि त्याला अर्थ उरणार नाही. त्याच वर्षी केनेथ ॲरो यांनीही उच्च शिक्षणाला गाळणीच्या रूपात पाहणारा निबंध प्रसिद्ध केला. बेकर यांना १९९२ मध्ये नोबेल मिळाले, स्पेन्स यांना २००१ मध्ये.

बेकर यांचे खरे असेल तर वर्गात काय शिकवले जाते याला महत्त्व. स्पेन्स यांचे खरे असेल तर दारातून आत जाता आले, यालाच महत्त्व. खऱ्या जगात दोन्ही थोडेथोडे असते. प्रमाण किती, हे शोधण्यासाठी संशोधकांना फार कल्पक वाटा काढाव्या लागल्या.

नकारपत्रांत दडलेले उत्तर

पहिली मोठी वाट प्रिन्स्टनचे ॲलन क्रूगर आणि संशोधक स्टेसी डेल यांनी शोधली. अमेरिकेतली मुले एका वेळी अनेक महाविद्यालयांत अर्ज करतात. काही ठिकाणी होकार येतो, काही ठिकाणी नकार. प्रवेश समितीने अर्जदाराचे निबंध वाचलेले असतात, शिफारसपत्रे पाहिलेली असतात, कधी मुलाखतही झालेली असते. गुणपत्रिकेत न दिसणारे पुष्कळ काही समितीला दिसते. मग ज्या दोन मुलांना जवळपास सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांनी होकार आणि नकार दिले, ती दोन मुले समितीच्या नजरेत सारखी ठरतात. त्यांतल्या एकाने अधिक नामांकित महाविद्यालय निवडले आणि दुसऱ्याने साधे, तर त्यांच्या कमाईतला फरक हा महाविद्यालयाचा परिणाम मानता येईल.

१९७६ मध्ये महाविद्यालयात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची १९९५ मधली कमाई त्यांनी या पद्धतीने पाहिली. हा निबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने खळबळ उडवली. सारख्या कुवतीच्या मुलांमध्ये, अधिक नामांकित महाविद्यालयात गेलेल्यांची आणि न गेलेल्यांची कमाई जवळपास सारखीच निघाली. ज्याने वरच्या महाविद्यालयात अर्ज करण्याची उमेद दाखवली, तो तिथे गेला किंवा नाही गेला तरी पुढे साधारण तितकेच कमावत होता. क्रूगर यांनी चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांचे उदाहरण दिले. कॅलिफोर्नियातल्या नामवंत चित्रपट विद्यालयांनी नाकारल्यावर स्पीलबर्ग लाँग बीचच्या सरकारी विद्यापीठात गेले आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

या निष्कर्षाला एक अपवाद होता आणि तो फार मोलाचा आहे. गरीब घरांतल्या मुलांना नामांकित महाविद्यालयाचा स्पष्ट फायदा झाला होता. पुढे याच दोघांनी सरकारी सामाजिक सुरक्षा खात्यातल्या कमाईच्या नोंदी वापरून अभ्यास पुन्हा केला. तेव्हा कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांच्या बाबतीत फायदा टिकून राहिला. ज्याच्या घरात ओळखी आहेत, बोलण्याची रीत आहे, सल्ला देणारा काका आहे, त्याला विद्यापीठाच्या नावाने फारसे नवे काही दिले नाही. ज्याच्याकडे यांतले काहीच नव्हते, त्याच्यासाठी ते नावच ओळखपत्र ठरले.

गुणरेषेच्या दोन बाजू

दुसरी वाट कटऑफची. रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेली मुले जवळपास सारखी असतात, म्हणून तिथे निसर्गानेच प्रयोग मांडून ठेवल्यासारखा होतो. मार्क होएक्स्ट्रा यांनी अमेरिकेतल्या एका राज्याच्या आघाडीच्या सरकारी विद्यापीठात हा प्रयोग वाचला. विद्यापीठाचे नाव त्यांनी उघड केले नाही. २००९ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार रेषेच्या वर राहून तिथे प्रवेश मिळालेल्या श्वेतवर्णीय पुरुषांची वयाच्या २८ ते ३३ या वर्षांतली कमाई सुमारे २० टक्क्यांनी जास्त होती. क्रूगर आणि डेल यांच्यापेक्षा हे उत्तर वेगळे आहे. पण इथे तुलना थोडी निराळी होती. रेषेखाली राहिलेल्या मुलांना पुढची संस्था बरीच खालची मिळत असावी किंवा त्यांच्यापुढचे पर्यायच कमी असावेत.

भारतापुरता याच पद्धतीचा एक अभ्यास शीतल सेखरी यांनी केला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. गुणरेषेच्या वर राहून नामांकित सरकारी महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यांना पुढे जास्त पगार मिळत होता. त्यांचे आणि रेषेखाली राहून खासगी महाविद्यालयात गेलेल्यांचे शेवटच्या परीक्षेतले गुण मात्र सारखेच होते. परीक्षेत मोजता येईल असे ज्ञान दोघांनी सारखेच मिळवले, तरी बाजाराने एकाच्या पदवीला जास्त दाम दिला. स्पेन्स यांच्या मांडणीला आपल्या देशातून मिळालेला हा मोठा आधार आहे.

चिलीचा धडा

या सगळ्यांत सर्वांत विचार करायला लावणारा अभ्यास चिलीतला आहे. तिथे चिली विद्यापीठ आणि सांतियागोचे कॅथलिक विद्यापीठ या दोन संस्था सर्वांच्या वर मानल्या जातात. प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो आणि रेषा अगदी काटेकोर असते. सेथ झिमरमन यांनी तिथल्या कायदा, अभियांत्रिकी आणि व्यवसाय अभ्यासक्रमांचे प्रवेश, लोकांच्या उत्पन्नाच्या कर नोंदी आणि शेअर बाजारातल्या कंपन्यांच्या संचालक व उच्चाधिकाऱ्यांच्या याद्या एकत्र जोडल्या. या मूठभर अभ्यासक्रमांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी १.८ टक्के शिकत होते. देशातल्या बड्या कंपन्यांची ४१ टक्के नेतृत्वाची पदे मात्र त्यांच्याकडे होती आणि सर्वांत श्रीमंत ०.१ टक्का लोकांमध्ये त्यांचा वाटा ३९ टक्के होता.

रेषेच्या वर राहिल्याने विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कंपनीतल्या वरच्या पदांची संख्या ४४ टक्क्यांनी आणि त्या ०.१ टक्क्यात जाण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी वाढत होती. इथवर वाचून कुणालाही वाटेल की अर्ध्या गुणाने नशीब पालटते. पण झिमरमन यांनी विद्यार्थ्यांचे गट पाडून पाहिले तेव्हा चित्र बदलले. हा सगळा फायदा महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांनाच झाला होता. इतर शाळांतून आलेल्या मुलग्यांना आणि कोणत्याही शाळेतल्या मुलींना तो अजिबात झाला नव्हता. तीच इमारत, तेच प्राध्यापक, तीच पदवी. तरीही शिखरावर जाणारी वाट काहींनाच सापडली. एकाच शाळाप्रकारातून आलेले आणि एकाच तुकडीत शिकलेले पुरुष पुढे एकाच कंपनीच्या वरच्या वर्तुळात एकत्र दिसत होते. वर्गातल्या मैत्रीचे रूपांतर संचालक मंडळातल्या खुर्च्यांत होत होते.

चिलीचे हे उत्तर क्रूगर आणि डेल यांच्या उलट वाटते. अमेरिकेत गरिबाला फायदा, चिलीत श्रीमंताला. पण दोन्ही अभ्यास वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. अमेरिकेतला अभ्यास साधारण कमाई पाहत होता, चिलीतला अगदी शिखर. नामांकित पदवी दोन कामे करते हे लक्षात घेतले की कोडे सुटते. ती अनोळखी माणसाला आपली ओळख करून देते आणि ती आपल्याला काही माणसांच्या संगतीत बसवते. ओळखीचा लाभ ज्याची आधी कुणी ओळख करून देत नव्हते त्याला होतो. संगतीचा लाभ त्या वर्तुळात आधीपासून सहज वावरणाऱ्याला होतो.

शिखरावर कोण बसते

अमेरिकेतल्या शिखराचा मोठा अभ्यास राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये पुढे आणला. आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि त्यांच्या जोडीला स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो अशा १२ संस्था त्यांनी घेतल्या. अमेरिकेतल्या अर्ध्या टक्क्याहून कमी लोक या संस्थांत शिकतात. तरी फॉर्च्यून ५०० कंपन्यांच्या मुख्याधिकाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक, सिनेट सदस्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आणि गेल्या अर्धशतकात नेमलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांपैकी तीन चतुर्थांश इथलेच आहेत.

या तिघांनी प्रतीक्षायादीचा उपयोग केला. यादीतल्या कोणाला अखेर बोलावणे येते हे पुष्कळदा त्या वर्षी त्या महाविद्यालयाला कशाची गरज होती, अशा किरकोळ बाबींवर ठरते. एका ठिकाणी यादीतून आत घेतलेल्या मुलाला दुसरीकडे प्रवेश मिळण्याची शक्यता जास्त नव्हती, हेही त्यांनी तपासून घेतले. म्हणजे निवड जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखी होती. निष्कर्ष असा निघाला की चांगल्या सरकारी विद्यापीठाऐवजी या १२ पैकी एका ठिकाणी गेल्याने सरासरी कमाईत फारसा फरक पडत नाही. पण सर्वाधिक कमावणाऱ्या एक टक्क्यात जाण्याची शक्यता सुमारे दीडपट, नामांकित संस्थेत पुढचे शिक्षण घेण्याची जवळपास दुप्पट आणि प्रतिष्ठित कंपनीत काम मिळण्याची जवळपास तिप्पट होते. क्रूगर आणि डेल यांचे सरासरीबद्दलचे उत्तर इथेही टिकले. शिखराचा रस्ता मात्र या नावांतूनच जातो, हेही दिसले.

याच अभ्यासाने आणखी एक कटू सत्य समोर ठेवले. प्रवेश परीक्षेत सारखेच गुण असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना या संस्थांत जागा मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक होती. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

कंपनीच्या दारात नेमके काय घडते, ते समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी 'पेडिग्री' या २०१५ मधल्या पुस्तकात जवळून दाखवले. गुंतवणूक बँका, सल्लागार कंपन्या आणि बड्या वकिली कंपन्यांतल्या १२० जणांशी त्या बोलल्या आणि एका कंपनीच्या भरतीत स्वतः सहभागी होऊन त्यांनी निरीक्षण केले. या कंपन्या आधीच ठरावीक विद्यापीठांची यादी करतात. यादीतल्या विद्यापीठांत त्या स्वतः जातात, मेजवान्या देतात, मुलाखती घेतात. यादीबाहेरच्याने संकेतस्थळावरून पाठवलेला बायोडेटा बहुधा कुणी उघडूनही पाहत नाही. निवडणाऱ्यांच्या मते सर्वांत अवघड चाळणी विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळीच लावलेली असते. तिथे चार वर्षे काय शिकवले गेले, याकडे त्यांचे लक्ष कमीच होते.

पवईतला डिसेंबर

हीच गोष्ट आपल्याकडे दरवर्षी १ डिसेंबरला दिसते. त्या दिवशी आयआयटींमध्ये प्लेसमेंटचा हंगाम सुरू होतो. कोणत्या कंपनीने कोणत्या दिवशी आणि कोणत्या सत्रात यायचे हे संस्थेचा प्लेसमेंट कक्ष ठरवतो. पहिल्या दिवसाचे पहिले सत्र मिळवण्यासाठी कंपन्यांमध्येच चुरस असते. विद्यार्थ्यांना आधीच शॉर्टलिस्ट कळलेली असते. उन्हाळी इंटर्नशिपमधूनच नोकरीचा प्रस्ताव (पीपीओ) हाती असलेले निश्चिंत असतात. बाकीचे एका मुलाखतीतून दुसरीकडे धावत असतात आणि एकदा नोकरी स्वीकारली की बहुतेक ठिकाणी नियमाप्रमाणे पुढच्या कंपन्यांचे दार बंद होते. काही दिवसांत शेकडो आयुष्यांची पहिली दिशा ठरून जाते.

या चाळणीची मुळे जुनी आहेत. आयआयटी मुंबई १९५८ मध्ये सोव्हिएत मदतीने आणि युनेस्कोच्या सहकार्याने सुरू झाली. पवईचा परिसर तयार व्हायचा होता म्हणून पहिले वर्ग वरळीला भरले. ३,४०० हून अधिक अर्जदारांतून १०० जणांची निवड झाली होती. नंदन निलेकणी आणि पुढे गोव्याचे मुख्यमंत्री झालेले मनोहर पर्रीकर हे दोघेही १९७८ मध्ये इथूनच बाहेर पडले. आज देशात २३ आयआयटी आहेत आणि त्यांच्या प्रवेशासाठीच्या जेईई परीक्षेला दहा लाखांहून जास्त मुले बसतात. या लाखांतून काही हजार निवडण्याचे काम परीक्षेने आधीच करून ठेवलेले असते आणि कंपन्यांना ते फुकट हाती लागते. कॅम्पसवर येणाऱ्या कंपनीसाठी रँक हा सर्वांत स्वस्तातला भरवशाचा संकेत असतो.

म्हणूनच वर्तमानपत्रांत झळकणाऱ्या कोटींच्या पॅकेजकडे सावधपणे पाहावे. त्या आकड्यात पुष्कळदा कंपनीचे शेअर, रुजू होतानाचा बोनस आणि परदेशातल्या नेमणुकीचा खर्च मिळवलेला असतो. ती रक्कम मिळालेले विद्यार्थी मोजकेच असतात. संस्था निवडताना सरासरीपेक्षा मधला आकडा विचारावा, म्हणजे अर्धी मुले ज्याच्या वर आणि अर्धी ज्याच्या खाली असतात तो. नोंदणी केलेल्यांपैकी किती जणांना खरोखर नोकरी मिळाली, हेही विचारावे.

नाव वाचणारे डोळे

संकेत पाठवणे एक, आणि समोरच्याने तो वाचणे दुसरे. या बाबतीत महाराष्ट्राला विसरता न येणारे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या विद्यापीठांपैकी दोन नावे पाठीशी होती. तरी १९१७ मध्ये करारानुसार बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाल्यावर त्यांना शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत काढलेले दिवस आणि तिथून लाठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढल्याचा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यांना ती नोकरी सोडावी लागली. पुढच्या वर्षी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तर तिथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी आक्षेप घेतले. कोलंबियाची पदवी तीच होती. ती पाहणाऱ्यांना त्याआधी जात दिसत होती.

शंभर वर्षांनंतर अमेरिकेत मायकेल गॅडिस यांनी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज खऱ्या नोकऱ्यांसाठी पाठवून हाच प्रश्न मोजला. काही अर्जांवर अतिनामांकित विद्यापीठाचे नाव होते, काहींवर साध्या विद्यापीठाचे. काही नावे श्वेतवर्णीय वाटणारी होती, काही कृष्णवर्णीय. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नामांकित पदवीचा फायदा दोघांनाही झाला. पण नामांकित विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय उमेदवाराला जेवढे प्रतिसाद आले, तेवढेच साध्या विद्यापीठाच्या श्वेतवर्णीय उमेदवाराला आले. म्हणजे एकाला बरोबरीत यायला जे नाव लागले, ते दुसऱ्याला लागलेच नाही.

नावाची मुदत

मग ते नाव किती काळ पुरते? जोसेफ अल्टोंजी आणि चार्ल्स पिअरे यांच्या २००१ मधल्या अभ्यासाने याचे एक उत्तर दिले. नोकरी सुरू होताना शिक्षणाचे वजन जास्त असते. वर्षे जातात तसे मालकाला माणसाचे काम दिसू लागते. मग शिक्षणाचा प्रभाव ओसरतो आणि सुरुवातीला न दिसलेली खरी कुवत पगारात उतरू लागते. पहिली नोकरी बऱ्याच अंशी नावावर मिळते, पुढची वाटचाल कामावर.

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात याच गोष्टीचा राष्ट्रीय पातळीवर पडताळा आला. तिथल्या सरकारने पदवीच्या शेवटी सर्व महाविद्यालयांसाठी एक सामायिक परीक्षा सुरू केली आणि उमेदवारांना तिचे गुण मालकांना दाखवता येऊ लागले. अर्थशास्त्रज्ञ बेंटली मॅकलाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की परीक्षा आल्यावर महाविद्यालयाच्या नावामुळे मिळणारा जादा पगार घटला आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कुवतीला मिळणारा दाम वाढला. मालकाला माणूस पारखण्याची दुसरी सोय मिळाली की नावाची मक्तेदारी कमी होते. दूरच्या गावातल्या साध्या महाविद्यालयात शिकणाऱ्या हुशार मुलामुलींसाठी याहून आशादायक निष्कर्ष नाही.

ब्रँच की कॉलेज

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांच्या (कॅप राउंड) वेळी ऑप्शन फॉर्म भरताना घराघरांत एकच वाद झडतो. पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये मिळेल ती ब्रँच घ्यावी, की साध्या कॉलेजात हवी ती? यावर नॉर्वेतल्या संशोधनाचा उजेड पडतो. तिथे प्रवेश एकाच केंद्रातून, पसंतिक्रम आणि गुणांवर होतात, म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याची दुसरी पसंती काय होती हेही नोंदवलेले असते. लार्स किर्केबोएन, एडविन ल्यूव्हेन आणि मॅग्न मोगस्टाड यांनी २०१६ मध्ये दाखवले की कमाईतला मोठा फरक विषयाच्या निवडीमुळे पडतो; संस्थेच्या दर्जाचा परिणाम त्या मानाने लहान असतो.

नॉर्वे हा समतेचा देश आहे, तिथल्या विद्यापीठांमध्ये दर्जाचे अंतरही कमी आहे, हे लक्षात ठेवायला हवे. भारतात कॅम्पसवर कंपन्या येणे किंवा न येणे यामुळे संस्थेचे वजन जास्त राहते. तरीही केवळ नावाच्या मोहाने नावडता विषय चार वर्षे ओढत नेणे हा तोट्याचा सौदा ठरू शकतो, असे हे संशोधन सांगते.

मग या नावाचे काय करायचे

एवढ्या देशांतला पुरावा एकत्र ठेवला की उत्तर स्पष्ट होते. सरासरी कमाईपुरते पाहिले तर हुशार, कष्टाळू आणि घरची साथ असलेल्या मुलाचे नामांकित संस्थेवाचून फारसे अडत नाही. अर्ध्या गुणाने रेषा हुकलेल्या अशा मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी आयुष्य हुकल्यासारखे वागू नये. जिच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोचत आहे, तिच्यासाठी मात्र त्या नावाची किंमत फार मोठी आहे. तिला ती जागा मिळत असेल, तर प्रवासखर्च, वसतिगृह आणि शुल्क यांपायी ती सोडू देऊ नये. शिष्यवृत्ती, फी माफी आणि आरक्षण या तरतुदींचा सर्वांत मोठा परतावा अशाच घरांत मिळतो.

चिलीच्या संशोधनाचा पुढचा टप्पा यात भर घालतो. साध्या घरांतून त्या विद्यापीठांत गेलेल्या लोकांच्या मुलांकडे नंतर पाहिले गेले. पालकांना शिखर गाठता आले नव्हते, पण त्यांची मुले प्रतिष्ठित शाळांत गेली, बड्या वस्त्यांजवळ राहिली, वरच्या वर्तुळातल्या मुलांची मित्र झाली. त्यांचे गुण मात्र वाढले नव्हते. पदवीने पुढच्या पिढीला ज्ञानाऐवजी संगत दिली. एका घराने वर चढायला ही वाट उपयोगी आहे. पण समाजाने फक्त तिच्यावर विसंबावे, इतकी ती रुंद नाही, कारण तिच्यावरून मोजकेच जाऊ शकतात.

म्हणून खरा उपाय कोलंबिया देशाने दाखवला तो आहे. कंपन्यांनी यादीबाहेरच्या महाविद्यालयांतले बायोडेटा उघडावेत, कामाचे नमुने पाहावेत, खुल्या परीक्षा घ्याव्यात. सरकारने आणि विद्यापीठांनी महाविद्यालयाचे नाव न पाहता कुवत दाखवता येईल अशा विश्वासार्ह सोयी उभ्या कराव्यात. नामांकित संस्थांचे मोल त्यामुळे कमी होणार नाही, त्या उत्तम शिकवतात आणि शिकवत राहोत. पण अठराव्या वर्षी एका परीक्षेत मिळालेल्या अर्ध्या गुणावर माणसाची पारख थांबता कामा नये. ती पुढेही, त्याचे काम पाहून, पुन्हा पुन्हा व्हायला हवी.